तीन, तीन, तीन, मग नऊ

आमच्या आजोबांच्या तळहातांवर मधोमध आडवे घट्टे होते. केळीची वाडी कसणाऱ्या माणसाच्या हाताला घट्टे असायचेच, पण कोयत्याचे आणि कुदळीचे घट्टे बोटांच्या मुळाशी पडतात. हे दोराचे होते. बारा वर्षांचे असल्यापासून ते गावच्या देवळाची घंटा वाजवत.

देवळाची म्हणजे चर्चची. वसईतली आम्ही जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळ म्हणतो. घरात कादोडी बोलतो, त्यामुळे आजोबांचं बोलणं मी इथं प्रमाण मराठीत लिहिते आहे. त्यात त्यांचा सूर हरवतो, याचं मला वाईट वाटतं. ‘बाय’ हा एक शब्द मात्र मी तसाच ठेवणार आहे. त्या शब्दाने मला हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, दिवसातून तीनदा ती घंटा व्हायची. तीन ठोके, मग थांबायचं. पुन्हा तीन, पुन्हा थांबायचं. पुन्हा तीन. आणि शेवटी सलग नऊ. देवदूताने मरियेला निरोप दिला, ‘मी प्रभूची दासी’ म्हणत तिने तो स्वीकारला, आणि शब्द देह झाला, या तीन गोष्टींसाठी तीन वेळा तीन. प्रत्येक थांब्यात एक ‘नमो मरिया’. वाडीत पाणी सोडणारा माणूस पाटात पाय तसाच ठेवून उभा राही. बावखलावर, म्हणजे वाडीतल्या तळ्यावर, कपडे धुणारी बाई ओल्या हाताने क्रूसाची खूण करी. आजीचं दूध चुलीवर उतू जाई, पण नऊ ठोके पुरे झाल्याशिवाय ती पातेल्याला हात लावत नसे.

घंटा ओढायला दोन माणसं लागतात, असं आजोबा म्हणत. ओढणाऱ्याने मोजायचं नसतं. त्याचं सगळं लक्ष वजनात असतं. घंटा वर कधी गेली, परत कधी फिरली, दोर केव्हा सैल सोडायचा, हे हातांना कळावं लागतं. त्यात आकडे शिरले की चूक झालीच. म्हणून आजोबा ओढायचे आणि त्यांचा धाकटा भाऊ शेजारी उभा राहून मोजायचा. दोघं एकाच खाटेवर झोपत आणि पहाटे एका कंदिलाच्या उजेडात बांधाबांधाने देवळाकडे जात. असं पंधराएक वर्षं चाललं. मग लग्नं झाली, वाडीच्या वाटण्या झाल्या, आणि बांधावरच्या एका फणसावरून भावांचं बोलणं तुटलं. हे माझ्या जन्माच्या आधीचं. मी पाहिलं ते एवढंच, की मिस्सेला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, धाकटे आजोबा उजवीकडच्या बाकांवर बसत आणि आमचे आजोबा घंटा करून आले की डावीकडच्या. बाहेर पडताना दोघं वेगवेगळ्या दारांनी जात. घंटा आजोबा आता एकटेच ओढत आणि स्वतःच मोजत.

१९९१ साली, मी सातवीत असताना, शाळेची सहल वसईच्या किल्ल्यात गेली. किल्ला आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर, लहानपणापासून पाहिलेला. पण सहलीला गेल्यावर तो इतिहासाच्या पुस्तकातला होतो. आमच्या शिक्षकांनी पोर्तुगीजांविरुद्धची १७३९ची मोहीम रंगवून सांगितली. चिमाजी अप्पांचा वेढा, सेबस्तियन बुरुजाखाली लावलेले सुरुंग, उडालेला तट, त्या खिंडारात पडलेली माणसं. अप्पांनी म्हणे सरदारांना सांगितलं होतं, किल्ला हाती येत नसेल तर माझं मस्तक तरी तोफेने आत पाडा. आम्ही सगळे श्वास रोखून ऐकत होतो. मीही. आणि मग सर म्हणाले, किल्ला घेतल्यावर मराठ्यांनी इथल्या चर्चच्या घंटा उतरवून विजयाची खूण म्हणून नेल्या आणि आपल्या देवळांत टांगल्या.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि वाजवता वाजवता हात थांबले. शेजारच्या मैत्रिणीने हळूच विचारलं, “तुमच्या होत्या ना गं त्या?” तिने मायेनेच विचारलं होतं. तरी मला वाटलं, मी एका क्षणात वर्गाच्या ओळीतून बाहेर काढली गेले आहे. घरी येऊन मी आजोबांपुढे रडले. घंटा म्हणजे आजोबांचीच घंटा, असं माझ्या मनात होतं. ती कुणीतरी नेली होती.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर आजोबांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवलं.

वसईचा किल्ला कधी निर्जन नसतो. त्याच्यातून जाणारा रस्ता किल्लाबंदर आणि पाचूबंदरच्या कोळीवाड्यांकडे जातो, आणि मासळीच्या पाट्या घेतलेल्या बाया त्याच पडक्या भिंतींमधून ये-जा करतात. आत शिरल्यावर पुरातत्त्व खात्याचा निळा फलक लागतो. आजोबांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला. राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक, १९५८चा कायदा, नासधूस केल्यास शिक्षा.

“राष्ट्रीय म्हणजे?” त्यांनी विचारलं.

“सगळ्यांचं.”

ते काही बोलले नाहीत. सायकल झाडाला टेकवली आणि पुढे चालू लागले.

फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं कोरलेली. त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून आजोबा कडेकडेने चालले. जेझुइटांच्या चर्चच्या दारापाशी थांबून त्यांनी क्रूसाची खूण केली. संत गोन्सालो गार्सिया इथल्या पाद्र्यांकडे शिकला. १५५७च्या सुमाराला वसईत जन्मलेला हा मुलगा, बाप पोर्तुगीज आणि आई इथली. जपानला गेला, व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत इतर पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारला गेला. आमच्याकडे घरोघरी त्याची तसबीर असते. आजोबांच्या तोंडी त्याचं नाव पुतण्याचं घ्यावं तसं येई.

मग आम्ही संत जोसेफच्या चर्चशी आलो. १५४६ साली बांधलेलं, पुढे पुन्हा उभारलेलं. १६०१ सालचा एक शिलालेख तिथं आहे. छप्पर कधीच गेलं, पण घंटेचा मनोरा उभा आहे आणि आत गोल जिना आहे. वर खाडी दिसते, भाईंदरचा किनारा दिसतो. आजोबांनी मात्र मला कमानी दाखवल्या. त्या मोकळ्या होत्या. पोपटांचा थवा एका कमानीतून आत आला आणि दुसरीतून निघून गेला.

“इथं होती?”

“असेल.”

“मग त्यांनी का नेली?”

आजोबा बराच वेळ खाडीकडे बघत होते. मग म्हणाले, “फिरंगी इथं आला तेव्हा इथं देवळं होती, बाय. ती त्यानं पाडली. त्या देवळांत घंटा होत्या. त्या कुठं गेल्या?”

मला उत्तर सुचलं नाही. हा प्रश्नच कधी मनात आला नव्हता.

“आपला जो कोण पूर्वज पहिल्यांदा ख्रिस्ती झाला, त्यानं लहानपणी त्याच घंटा ऐकल्या असतील. त्याच्या आईनं त्या वाजवल्या असतील. आपली एक घंटा गेली म्हणून तू रडलीस. त्या घंटांसाठी आपल्या घरात कोण रडलं?”

पुढे मी कॉलेजात इतिहास घेतला तो बहुधा या प्रश्नामुळे. १५३४च्या तहात गुजरातच्या बहादुरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं ते इथं राहिले. त्या काळात वसई-साष्टीत देवळं पाडली गेली, माणसं आपली दैवतं उचलून खाडीपलीकडे गेली, मागे राहिलेल्यांचा बाप्तिस्मा झाला. सगळे एका कारणाने ख्रिस्ती झाले नाहीत. कुणाला प्रभू भेटला, कुणाला भीती वाटली, कुणाला जमीन राखायची होती. मी यातल्या सगळ्यांचीच नात आहे. ज्याला प्रभू भेटला फक्त त्याचीच नात म्हणवून घेणं मला खोटं वाटतं.

आणि दुसरंही वाचलं. मे १७३९मध्ये किल्ला खाली करून देताना जो तह झाला, त्यात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती. फिरंगी गेले. आमचे पूर्वज राहिले. मागे राहिलेली देवळं इथल्याच मातीतल्या पाद्र्यांनी सांभाळली. ज्या राजाच्या दबदब्यात आपला बाप्तिस्मा झाला तो राजा गलबतात बसून निघून गेला, त्याच्या घंटाही गेल्या, आणि तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी ‘नमो मरिया’ म्हटलं. आमच्या श्रद्धेचा खरा बाप्तिस्मा मला त्या संध्याकाळी दिसतो.

पवित्र आठवड्यात आमच्याकडे घंटा मुकी असते. गुरुवारच्या मिस्सेत महिमागीताला वाजली की मग नाही. शुक्रवारी सगळं लाकडी फळ्यांच्या टकटकाटावर चालतं. शनिवारी रात्री महिमागीत सुरू झालं की सगळ्या घंटा एकदम. त्या रात्री आजोबा दोर ओढताना अक्षरशः हवेत उचलले जात. मी एकदा त्यांना विचारलं, शुक्रवारी तुम्हाला चुकल्यासारखं नाही का वाटत? ते म्हणाले, “मुकी घंटा ऐकायचीच असते. तेव्हा कळतं, आपण घंटेकडे येत होतो की त्याच्याकडे.” किल्ल्यातल्या त्या मोकळ्या कमानी मला तेव्हापासून गुड फ्रायडेच्या वाटतात.

वसईच्या घंटा महाराष्ट्रभर विखुरल्या आहेत. नाशिकला पंचवटीत गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर एक आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. नारोशंकराची घंटा म्हणून ती सगळ्या नाशिकला माहीत. भीमाशंकरला एक आहे. आणि वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरिया आहे.

हे शेवटचं आजोबांना एका फादरांनी सांगितलं, तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडून गेले होते. त्याच सुमारास देवळात विजेची घंटा बसली. बटण दाबलं की मोजून बरोबर ठोके पडत. गुडघे दुखणाऱ्या माणसाची सोय म्हणूनच ती बसवली होती, पण त्या बटणाला आजोबांनी कधी हात लावला नाही. दोर मात्र कुणी काढला नाही. तो तसाच लोंबत राहिला.

“एकदा मरियेची ती घंटा बघायची,” ते म्हणू लागले. जानेवारी १९९८मध्ये मामाने जीप काढली. मामा, मी आणि आजोबा. खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्याला वळलो, वाईच्या बाजारात चहा घेतला, आणि ऊन उतरता उतरता मेणवलीला पोचलो. वाड्यातून मागच्या बाजूला उतरलं की एकदम नदी. दगडी घाट, पिंपळ-वडाची जुनी झाडं, दोन देवळं, आणि बाजूला एका लहानशा दगडी घुमटीत ती घंटा.

मी एखादी मोठी घंटा पाहायला गेले होते. ही माझ्या उंचीच्या मानाने प्रचंड होती. सहाशे किलोंहून जास्त वजन सांगतात. तिच्यावर १७०७ साल आहे. म्हणजे वसईत ती जेमतेम बत्तीस वर्षं वाजली असेल, आणि कृष्णाकाठी दोनशेहून जास्त वर्षं राहिली आहे. हा हिशेब मी तिथं उभ्याउभ्या केला, आणि माझ्या मनातला सातवीतला काटा तिथंच सैल झाला. जिथं माणूस बत्तीस वर्षं राहिला ते त्याचं घर, की जिथं दोनशे वर्षं राहिला ते?

घाटावर एक बाई कपडे आपटत होत्या. आजोबांनी टोपी काढलेली बघून त्या म्हणाल्या, “ती देवी आहे बाबा. बाळ आहे तिच्याकडं.” आजोबांनी मान हलवली. “आमच्याकडची आहे,” ते म्हणाले. त्या बाईंनी कुठून आलात विचारलं, वसई ऐकल्यावर थोडा वेळ बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, “मग माहेरचं माणूस आलं म्हणायचं तिचं.”

आजोबा हे ऐकून तिथंच पायरीवर बसले. रडले नाहीत. नुसते बसले.

मग उठले, घंटेपाशी गेले. मरियेच्या पायांवर बोटं टेकवली आणि ती बोटं स्वतःच्या कपाळाला लावली. थोड्या वेळाने मागे न बघता म्हणाले, “मोज, बाय.”

मला आधी कळलंच नाही. त्यांनी उजव्या हाताची मूठ वळली आणि बोटांच्या पेरांनी घंटेच्या कडेवर ठोकलं. एवढ्या धातूला एवढ्याशा हाताने काय व्हायचं? पण आतून एक बारीक गुंजन आलं, कान लावला तरच ऐकू येईल असं. मी मोजलं. तीन. ते थांबले, त्यांचे ओठ हलले. तीन. पुन्हा ओठ हलले. तीन. आणि मग नऊ. पलीकडे देवळात कुणीतरी संध्याकाळचा दिवा लावत होतं. कपडे धुणाऱ्या बाई हात थांबवून उभ्या होत्या.

पौल करिंथकरांना लिहितो, की माणसांच्या आणि देवदूतांच्या भाषा बोललो पण अंगी प्रीती नसली, तर मी नुसती वाजणारी थाळी किंवा झणझणणारी झांज. मी हे लग्नाच्या मिस्सेत शंभरदा ऐकलं होतं. धातूची उपमा त्याने का दिली असावी, हे मला त्या घाटावर कळल्यासारखं वाटलं. धातू कुणीही कुठूनही नेऊ शकतं. मराठ्यांनी आमच्याकडून नेला, फिरंग्यांनी त्याच्या आधी आणखी कुणाकडून नेला असेल. त्या बाईंनी आजोबांना जे दिलं, ते कुणाला लुटून नेता आलं नसतं.

परतताना वाईच्या बाजारात आजोबांनी गाडी थांबवली आणि कंदी पेढ्यांचे दोन पुडे घेतले. आम्ही तीन माणसं, दोन पुडे कशाला, असं मामा म्हणाला. आजोबा खंबाटकीच्या चढापर्यंत गप्प होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि भावाशी बिनसल्याचं आठवलं, तर दान तिथंच ठेव आणि आधी जा, असं प्रभू सांगतो. ते कसं सांगतो, नीट वाचलंयस? तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर.” थोड्या वेळाने म्हणाले, “फणस त्याच्याच बाजूला होता.”

वीस वर्षांहून जास्त काळ पोटात ठेवलेलं हे एवढंसं वाक्य होतं. चिमाजी अप्पांना त्यांनी कधीच माफ केलं होतं. ज्याच्याबरोबर एका खाटेवर झोपले त्याच्यापुढे हे वाक्य म्हणायला त्यांना वाईपर्यंत जावं लागलं. मला यात त्यांचा दोष दिसत नाही. जवळच्या माणसाच्या दारापर्यंतची वाट खरोखरच तेवढी लांब असते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पुडा आजीच्या स्टीलच्या डब्यात रिकामा केला आणि मला धाकट्या आजोबांकडे पाठवलं. सांगायला काही दिलं नाही. धाकटे आजोबा पडवीत केळीचे घड उतरवत होते. मी म्हटलं, “मरियेच्या घंटेकडून आलंय.” त्यांनी डबा घेतला, झाकण उघडून बघितलं, बंद केला, आणि पुन्हा घडाकडे वळले. मला वाटलं, संपलं.

तीन दिवसांनी त्यांचा नातू डबा घेऊन आला. डबा रिकामा परत देऊ नये, ही आमच्याकडची रीत. आत सुकेळी होती, म्हणजे वाळवलेली केळी, राजेळी जातीची, केळीच्याच सोपट्यात बांधलेली. आजोबांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि आजीला म्हणाले, “आईच्या हातची चव त्याच्या घरी गेली.” त्यानंतर दोघं भाऊ गप्पा मारत बसले, असं काही झालं नाही. पण मिस्सेनंतर एकाच दाराने बाहेर पडू लागले.

आजोबा गेले ते २००१च्या जुलैमध्ये. पाऊस असा होता, की बावखल आणि वाडी एक झाली होती. दोन दिवस गावात वीज नव्हती. शवपेटी देवळाच्या पडवीत आली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं, की घंटा वाजत नाही. बटण दाबून काही होईना. मरणाची घंटा नाही, म्हणून माणसं एकमेकांकडे बघत उभी राहिली.

मनोऱ्याच्या दाराशी धाकटे आजोबा होते, छत्री नव्हती, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. त्यांनी खिळ्याला गुंडाळलेला दोर सोडला. आयुष्यात त्यांनी तो कधी ओढला नव्हता. मी पुढे झाले. मरणाची घंटा संथ असते, एकेक ठोका, मध्ये लांब थांबा. तिला मोजणारा लागत नाही. त्यांनी दोर दोन्ही हातांत धरला, वर बघितलं, आणि मग माझ्याकडे.

“मोज, बाय,” ते म्हणाले.